यादीत नसलेल्या माणसाचं आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

नाशिक, १९ जून २०२५

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. पावसाळी अधिवेशन तोंडावर आहे, आपण गडबडीत असाल, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसलो होतो. तीन कागद फाडले. थोडक्यात होत नाही.

निरोगी असल्याचं पत्र मागणारा अर्ज मी तुमच्या खात्याकडे केला होता. मंगळवारी पोस्टमन त्याच्या उत्तराचा लिफाफा देऊन गेला. आत साडेतीन ओळी. ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर अर्जदाराचे नाव या कार्यालयाच्या अभिलेखातील यादीत आढळून येत नाही. सबब मागणीप्रमाणे प्रमाणपत्र देता येत नाही.’ खाली सही, सहीवर शिक्का, तोही उलटा.

साहेब, ही यादी माझ्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. मुलीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर आहे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे आहे. इथल्याच अंबड एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांत नोकरी विचारायला गेलो, तिथल्या साहेबांनी मलाच ती दाखवली. वर ठळक अक्षरात ‘इबोला संशयित’, खाली अकरा नावं, सातवं माझं. फ्लॅट नंबर, मोबाइल, पासपोर्ट नंबर, सगळं. हजारभर फोनमध्ये तरी असेल. मोजायला गेलो नाही, पण चार वर्षांत कधी फोन न केलेले येवल्याचे पाहुणे ‘तब्येत कशी आहे’ म्हणून विचारू लागले, त्यावरून अंदाज. म्हणजे यादी सगळीकडे आहे, फक्त जिथून निघाली तिथे नाही.

आता पहिल्यापासून सांगतो. मी फिटर. प्लास्टिकच्या मोल्डिंग मशीनवर हयात गेली. अंबडला काम सुटलं तेव्हा कंपालाला गेलो, युगांडात. चार वर्षं तिथे होतो. यंदा ३० जानेवारीला तिथल्या सरकारनं इबोलाची साथ जाहीर केली. मुलागो रुग्णालयातला एक परिचारक दगावला होता. माझी सुट्टी आधीच ठरलेली, भाचीचं लग्न होतं. आदिस अबाबामार्गे ८ फेब्रुवारीला मुंबईत उतरलो. फॉर्म भरताना शेजारचा एक गृहस्थ हळूच म्हणाला, ‘अहो, नुसतं आदिस लिहा. कंपाला कशाला लिहिता?’ मी लिहिलं. खरं लिहिलं. तो गृहस्थ आज कुठेतरी सुखात जेवत असेल.

दुसऱ्या दिवशी एक अधिकारी घरी आले. बोलायला चांगले होते, खोटं कशाला सांगू. एकवीस दिवस घरात थांबा, रोज दोनदा ताप बघा, म्हणाले. यात चूक काहीच नाही. विषाणू अंगात शिरल्यापासून २ ते २१ दिवसांत लक्षणं दिसतात, म्हणून एकवीस. मला कळतं ते. मी ना म्हटलं नाही. बायकोनं चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही (तेव्हाच ओळखायला हवं होतं), पण उठताना म्हणाले, ‘तुमचं नाव बाहेर जाणार नाही. आणि एकवीस दिवस भरले की फिटनेसचं पत्र मी स्वतः आणून देतो.’ १ मार्चला एकवीस दिवस भरले. मी पांढरा शर्ट घालून बसलो होतो.

यादी तिसऱ्याच दिवशी फुटली. दूधवाला पिशव्या गेटवर ठेवून जाऊ लागला. शाळेतून फोन आला, मुलीला काही दिवस पाठवू नका, ‘इतर पालकांच्या भावना आहेत’. तपासणीला एक ताई यायच्या. त्या वर येत नसत, गेटवरून हाक मारायच्या, ‘ओ कंपाला! ताप आहे का?’ मी बाल्कनीतून म्हणायचो, नाही. सगळी गल्ली ऐकायची. थर्मामीटर त्यांच्याकडे नव्हता, ‘तुमच्या घरी असेल ना’ म्हणाल्या. त्या ताईंवर माझा राग नाही. त्यांना कुणी काही शिकवलेलंच नव्हतं. एक दिवस विचारतात, ‘लस घेतली का हो?’ कुठली घेऊ? २०१९ साली मान्यता मिळालेली लस आहे ती झाईर जातीच्या इबोलावर. कंपालात होता सुदान जातीचा, त्यावर मान्यता मिळालेली लस अजून नाही. तिथे साथ जाहीर झाल्यावर चार दिवसांत नव्या लसीची चाचणी सुरू केली. युगांडानं, साहेब. ज्याचं नाव काढलं की आपल्याकडची माणसं नाक मुरडतात, त्या युगांडानं.

खोलीत बसून बसून मी या रोगाचं मिळेल ते वाचून काढलं. १९७६ साली झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या, यांबुकु गावात ही साथ पहिल्यांदा ओळखली गेली. त्याच सुमाराला सुदानातही दुसरी होती. यांबुकुला मिशनचं रुग्णालय होतं. तिथे सकाळी पाच सिरिंजा काढायच्या आणि दिवसभर सगळ्यांना त्याच टोचायच्या. ३१८ जणांना लागण झाली, २८० गेले. रोगाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा शास्त्रज्ञांनी ठरवलं, गावाचं नाव द्यायचं नाही, नाहीतर गावाला जन्माचा डाग लागेल. मग नकाशा पुढे घेऊन जवळपासची नदी शोधली. इबोला. पन्नास वर्षांपूर्वी, जंगलात, माणसं मरत असताना त्यांना एका गावाच्या अब्रूचा विचार सुचला. तुमच्या खात्याला एसीत बसून एका माणसाचा फ्लॅट नंबर झाकता आला नाही.

१९ फेब्रुवारीची रात्र सांगतो. शिवजयंती होती, चौकात ढोल वाजत होते. संध्याकाळी डोकं जड झालं. रात्री दहाला ताप शंभरवर दोन पॉइंट. माझे हातपाय गार पडले. इबोलाची सुरुवात अशीच असते, ताप, डोकेदुखी, अंगदुखी, घसा. मलेरियाही तसाच सुरू होतो, आणि कंपालाहून आलेल्या माणसाला मलेरियाचीच शक्यता जास्त. पण सांगणार कोण? दिलेल्या नंबरावर चौदा वेळा फोन केला. नुसता वाजत राहिला. सुट्टी होती ना. बायको दारात उभी. मी ओरडलो, आत येऊ नकोस. लग्नाला सोळा वर्षं झाली, असा कधी ओरडलो नव्हतो. हा रोग हवेतून येत नाही. रुग्णाचं रक्त, उलटी, जुलाब, घाम यांना हात लागला की येतो. म्हणजे होतो कुणाला? जो उशाशी बसतो त्याला, कपडे धुतो त्याला, मयताला अंघोळ घालतो त्याला. ज्याचा जीव जास्त, त्यालाच आधी. त्या रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. मी चादर, तांब्या, बादली वेगळी काढली आणि भिंतीला टेकून बसलो. पहाटे ताप उतरला. साधं पडसं निघालं. तुमचा फोन सकाळी साडेअकराला आला, ‘मिस्ड कॉल होता का?’

माझं पडसं होतं म्हणून ठीक. नसतं तर? त्या तेरा तासांचा हिशेब कुणी दिला असता?

आणि आमच्या घरातलं खरं नुकसान तर पुढेच आहे. आई कुरडया करते. नुसती घरच्यापुरती नाही, ऑर्डरी घेते, औषधपाणी त्यातून निघतं. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे शिजवायचा. महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी पहाटे चारला तिनं पातेलं चुलीवर चढवलं. दरवर्षी मजल्यावरच्या चौघी-पाच जणी सोऱ्या घेऊन येतात आणि पोरं वाट्या घेऊन गरम चिकासाठी रांगेत बसतात, तेल-मीठ घालून खायला. यंदा कुणी आलं नाही. आई ढवळत होती आणि जिन्याकडे बघत होती. चीक घट्ट होत चालला की थांबता येत नाही, म्हणून तिनं आणि बायकोनं दोघींनीच सगळं घातलं, दुपारी बारापर्यंत. ती दोनदा म्हणाली, ‘पोरं उठली नसतील अजून.’ संध्याकाळी गच्चीवर गेली तर तिच्या वाळवणाच्या चौफेर दहा दहा फूट मोकळं. बाकीच्यांनी आपापल्या सतरंज्या उचलून पलीकडच्या टाकीशी नेल्या होत्या. अठरा किलोच्या ऑर्डरी होत्या. सोळा परत.

ज्याला लक्षणं नाहीत, तो हा रोग दुसऱ्याला देऊच शकत नाही. हे एक वाक्य. एवढं एक वाक्य कागदावर छापून, खाली सही करून, आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला किती खर्च आला असता? मी अर्जात हेही मागितलं होतं. आता कुणी म्हणेल, लोक अडाणी आहेत. आमच्या सोसायटीत दोन इंजिनिअर, एक बँक मॅनेजर आणि एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आणि सगळ्यात आधी सतरंजी मुख्याध्यापकांच्या घरची उचलली. अडाणीपणाचा प्रश्न नाही हा. २०२० साली हातावर शिक्के मारून माणसं घरी पाठवलीत, कुणी एसटीतून उतरवली गेली, ते लोक विसरलेले नाहीत. साथ म्हटली की सरकार माणसाला डाग देतं, हे त्यांनी बघितलंय. १८९७ चा साथरोग कायदा, आणि त्याच वर्षी पुण्यात रँडची प्लेगची झडती. तेव्हा घरात बूट घालून शिरत होते, आता मोबाइलमधून शिरतात, एवढाच फरक.

गिनीत वोमे नावाचं गाव आहे. २०१४ च्या सप्टेंबरात इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना गावकऱ्यांनी मारून टाकलं. हेच रोग घेऊन आले, असं त्यांना वाटलं. त्या साथीत पश्चिम आफ्रिकेत २८ हजारांवर माणसं आजारी पडली, ११ हजारांवर गेली. त्यांत पाचशेहून जास्त डॉक्टर, नर्स, आरोग्य कर्मचारी होते. कंपालात माझ्याबरोबर काम करणारा एक जण युगांडातल्याच गुलूचा होता. २००० साली गुलूत साथ आली, २२४ माणसं गेली. तिथले डॉ. मॅथ्यू लुक्विया रात्री एका आजारी परिचारकाकडे धावले, घाईत डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा राहिला असं सांगतात, आणि तेही गेले. तो मित्र त्यांचं नाव घेताना टोपी काढायचा. आपल्याकडे कुणाचं नाव घेताना कुणी टोपी काढेल, असं तुमच्या खात्यात एक तरी दाखवा. असतील. असतीलच. पण त्यांना थर्मामीटर तरी देता का?

लायबेरियात, सिएरा लिओनमध्ये इबोलातून बरा झालेला माणूस केंद्रातून बाहेर पडताना त्याच्या हातात प्रमाणपत्र देत. तिथले कर्मचारी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारत, गावानं बघावं म्हणून. तरी त्यांचं पुढचं सोपं नव्हतं. सांधे दुखतात, डोळ्यांना त्रास होतो, घरमालक खोली देत नाही. पण कागद मिळत असे. खरंच झालेल्याला कागद मिळतो, साहेब. मला झालाच नाही, म्हणून मी कुठल्या यादीत नाही, म्हणून मला कागद नाही. कंपालातली साथ २६ एप्रिलला संपल्याचं जाहीर झालं. एकूण रुग्ण चौदा, मृत्यू चार. तिथे संपली. इथे आमच्या पाथर्डी फाट्यावर चालू आहे.

पुण्याला पाषाणमध्ये सर्वांत वरच्या दर्जाची, चौथ्या पातळीची विषाणू प्रयोगशाळा आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत ‘रामबाण’ नावाची फिरती प्रयोगशाळा याच नाशकात थाटामाटात सुरू झाली. आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरुळला. अभिमान आहे. पण एवढं सगळं असून रात्री दहाला फोन उचलणारा एक माणूस नाही. २०२७ ला सिंहस्थ आहे. रामकुंडावर जगभरातून माणसं येणार, तुम्ही कोटींच्या घोषणा करताय, पूल, रस्ते, घाट. करा. त्या गर्दीत कुणी ताप घेऊन उतरला तर तो फॉर्मवर खरं लिहील का, एवढं एकदा त्या बैठकीत विचारा. माझ्याकडे बघून तरी लिहिणार नाही. मीसुद्धा पुन्हा लिहिणार नाही, हे इथे उघड लिहून ठेवतो. काय करायचं ते करा.

मागणी तीच आहे, तिसऱ्यांदा. पत्र द्या. यादी कुणाच्या फोनमधून निघाली ते शोधा, पहिला मेसेज किती वाजता आला ते मी दाखवतो. आणि ते एक वाक्य बोर्डावर लावा. कंपालाच्या मालकानं दुसरा माणूस घेतला, त्याची भरपाई मी मागत नाही, मागून मिळणारही नाही. सोबत यादीचा फोटो जोडला आहे. बाकीच्या दहा जणांची नावं मी काळ्या पेनानं खोडली आहेत. ते काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

आपला,
अनुक्रमांक ७

ता. क. आईनं तुमच्यासाठी किलोभर कुरडया वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत. मी नको म्हणत होतो. ती म्हणते, मंत्र्यानं खाल्ल्या तर बाकीचे खातील. तेल चांगलं तापू द्या, मगच सोडा.