भरती-ओहोटी न बघता बेटं दाखवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत मांडवीतल्या चोडण-दिवाडी बेटांच्या होडीसफरीवर अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. निवडणुकीखेरीज आम्हा चोडणवाल्यांची आठवण कोणाला होत नाही. पण लेखकमहाशयांनी ही सफर केली कुठून? पणजीतल्या हॉटेलच्या गच्चीवरून? चोडण बघून झालं की होडीने थेट दिवाडीला जावं, असा त्यांचा सल्ला. कोणत्या होडीने म्हणे? चोडणची फेरी रायबंदरला लागते आणि दिवाडीला जायचं तर तिथे उतरून पुढे दुसरी धरावी लागते. छायाचित्रही जुन्या फेरीबोटीचं. चोडणला 2025च्या जुलैत रो-रो, म्हणजे वाहनं थेट चढवता-उतरवता येणारी नवी फेरीबोट, सुरू झाली, ही बातमी आपल्याच अंकात मोठ्या मथळ्याने आली होती. पुरवणीवाले मूळ अंक वाचत नसावेत.

तेही सोडून देतो. खरा राग आहे तो आमच्या बेटावरच्या अभयारण्याबद्दलच्या 'रोज सकाळी आठला सलीम अली पक्षी अभयारण्यात होडी घालावी' या वाक्याचा. रोज आठला? भरतीची वेळ दररोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज आठला पाणी भरलेलं असेल, तर आठवड्याने त्याच वेळी खारफुटीतल्या नाल्यांत नुसता चिखल.

आमचे मिरजेचे साडू असेच फसले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब आले होते. आम्हाला त्रास नको म्हणून त्यांनी परस्पर एक खाजगी होडीवाला ठरवला. त्यानेही आठचीच वेळ दिली, कारण नंतर त्याला दुसरं गिऱ्हाईक होतं. ओहोटी लागलेली असताना तो यांना घेऊन आतल्या नाल्यात शिरला. थोड्या वेळाने होडी बसली ती बसलीच. मला फोन आला, "अहो, तुमची नदी गेली कुठे?" होडीवाल्याने शांतपणे विडी पेटवली आणि म्हणाला, "पात्रांव, भरती येमेरेन होडें हालचें ना." (साहेब, भरती येईपर्यंत होडी हलायची नाही.) साडूंचा मुलगा ढकलायला उतरला तो गुडघाभर रुतला. पाय वर आला, चप्पल आतच राहिली. पक्षी म्हणावेत तर लांबवर दोन बगळे. बाकी चिखलावर टणाटण उडणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले मासे. मेहुणीबाईंना त्या बेडकाची पिल्लं वाटल्या. डोक्यावर ऊन, प्यायचं पाणी संपलेलं, आणि अंगाला लाइफ जॅकेट एकाच्याही नाही. जेवणवेळ टळून गेल्यावर पाणी चढलं तेव्हा सुटका झाली. उतरताना त्या भल्या माणसाने 'वेटिंग'चे वेगळे पैसे मागितले आणि साडूंनी ते दिलेही! माणूस बँकेतून निवृत्त झालेला, पावती मागायची सवय. पण तिथे पावती कोण देणार?

आता आपला लेख वाचून असे किती साडू आठच्या ठोक्याला धक्क्यावर उभे राहतील, देव जाणे.

आणखी एक. सप्तकोटेश्वराचं देऊळ 'दिवाडीवर' आहे असं छापलंत. मूळ देऊळ तिथे होतं, ते पोर्तुगिजांनी पाडलं. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केला तो नदीपलीकडच्या, डिचोलीतल्या नार्व्याच्या देवळाचा. दिवाडीहून तिथे जायला फेरीबोट आहे, म्हणजे होडीसफरीच्या लेखात ती आयतीच बसत होती. पोर्तुगीज बंगल्यांच्या खिडक्यांवर तीन परिच्छेद लिहिणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

जाता जाता आमची जुनी तक्रार. हवामानाच्या चौकटीत पूर्वी आपण पणजीच्या भरती-ओहोटीच्या वेळा देत होता. कोळंबी धरणारे, खाजनात (खाडीकाठच्या बांधलेल्या शेतात) मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, बसणारे आणि आमच्यासारखे रिकामटेकडे, सगळे ती चौकट आधी बघायचे. नव्या मांडणीत ती गायब झाली. मी फोन केला तेव्हा 'जागा नाही' असं उत्तर मिळालं. राशिभविष्याला मात्र रंगीत अर्धं पान आहे. त्यातल्या दोन राशी थोड्या आखडत्या घेतल्यात, तर त्या चार ओळी सहज बसतील.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
चोडण