तक्रार: बुरशीच्या व्हीएचएस कॅसेट साफ न करता चालवल्या, आता तरी हात लावू नका आणि परत पाठवा

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: ४ व्हीएचएस कॅसेटच्या डिजिटायझेशनमधली चूक, रिफंड आणि मूळ टेप्स परत मिळण्याबाबत

नमस्कार,

फोन केला की प्रत्येक वेळी नवीन माणूस उचलतो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून पाठवतोय. हे पत्र प्लीज ज्याने माझ्या कॅसेट मशीनमध्ये घातल्या त्या टेक्निशियनपर्यंत पोचवा.

आधी त्या कॅसेटमध्ये काय आहे ते सांगतो, कारण तुमच्या ऑर्डरवर नुसतं 'फॅमिली फंक्शन' असं टाकलंय. माझे वडील दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. कार्तिकापासून आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि रात्रभर नाटक चालतं, ९० च्या दशकात गावातल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाने हौसेने चार रात्री कॅमेरा लावला होता, त्या ह्या चार कॅसेट. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे रंगमंचावर उभं राहून बोलायचे असतात, त्यामुळे त्या रात्री बाबा आणि समोरचा राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, जे बोलले ते ह्या टेपशिवाय जगात कुठेही नाही. बाबा आता नाहीत, त्या राजपार्टीचा आवाजही गेलाय. ह्याची दुसरी कॉपी नाही, हे मी फॉर्मवर लिहून दिलं होतं.

फॉर्मवर हेही लिहिलं होतं की चारही कॅसेटला बुरशी आहे. कोकणातली हवा तुम्हाला माहीतच असेल, पावसाळ्यात चपलांना बुरशी येते तर टेपला येणारच. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी स्पष्ट दिसत होती, मी फोटो जोडले होते. तुमच्या माणसाने सांगितलं की बुरशी काढायचे प्रत्येक कॅसेटमागे वेगळे पैसे पडतील, मी ते भरले, पावती माझ्याकडे आहे. आणि तरी तुम्ही टेप साफ न करता थेट चालवल्या. हे मी रागात म्हणत नाहीये, तुमच्याच फाईल्समध्ये दिसतंय, सांगतो कसं.

पहिल्या कॅसेटची सुरुवात छान आली आहे. नाटकाच्या सुरुवातीचं संकासूर हे पात्र येतं, लोक हसतायत, पेटी मृदंग सगळं नीट, रंगही बऱ्यापैकी टिकलेत. मग हळूहळू चित्रावर पांढरे ठिपके यायला लागतात, मग पट्टे, आणि शेवटी नुसतं बर्फ, म्हणजे सिग्नल गेल्यावर टीव्हीवर दिसतात तसे पांढरे-काळे ठिपके. पण आवाज? आवाज शेवटपर्यंत जसाच्या तसा आहे! तुमचा रिपोर्ट म्हणतो 'टेप डॅमेज्ड, पिक्चर नॉट रिकव्हरेबल'. अहो व्हीएचएसमध्ये चित्र वाचणारे हेड फिरत्या ड्रमवर असतात, आपल्याकडच्या पाल व्हिडिओ सिस्टीममध्ये तो ड्रम मिनिटाला १५०० वेळा फिरतो, आणि साध्या रेकॉर्डिंगचा आवाज वाचणारं हेड वेगळं, एका जागी स्थिर असतं. व्हिडिओ हेडची फट एक मायक्रॉनपेक्षाही कमी असते, त्यात बुरशीची भुकटी अडकली की चित्र जातं आणि आवाज राहतो. टेपच खराब झाली असती तर ती बिघडली असती तिथे तिथे चित्र गेलं असतं आणि पुढे परत आलं असतं, असं एका दिशेने वाढत वाढत गेलं नसतं. म्हणजे मशीनचं हेड चोक झालं होतं आणि तुमचं रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं, समोर बसून कोणी बघतच नव्हतं.

ह्याच्यावर कळस म्हणजे दुसरी कॅसेट पहिल्या सेकंदापासून बर्फ आहे. तिसरी पण. चौथीला सुरुवातीला जरा वेळ चित्र येतं आणि परत जातं. हेड साफ केलं असतं तर दुसरी कॅसेट अशी सुरूच झाली नसती, म्हणजे एकीची बुरशी हेडवर तशीच ठेवून त्याच घाणीवरून पुढच्या टेप्स फिरवल्या. अशा टेपला आधी कोरड्या हवेत ठेवून बुरशी सुकू द्यायची असते, मग लिंट न सोडणाऱ्या सुक्या कापडावरून टेप सावकाश फिरवून भुकटी काढायची असते, आणि प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि टेपचा सगळा मार्ग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा असतो. तुमच्या वेबसाईटवर साधारण हेच लिहिलंय, त्यावर विश्वास ठेवूनच तर मी कॅसेट पाठवल्या. जुनी बुरशी लागलेली टेप किती वेळा चालेल ह्याची गॅरंटी नसते, त्यातली एक वेळ तुम्ही वाया घालवलीत, ह्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय.

आता फाईलबद्दल. मी फॉर्मवर रॉ कॅप्चर, म्हणजे टेपवरून जसंच्या तसं उतरवलेलं, मागितलं होतं, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (मूळ टेपसारखं एकाआड एक ओळींचं), लॉसलेस (काहीही न गमावता साठवलेलं). तुम्ही दिली एचडी एमपीफोर. ४:३ चं चित्र ओढून १६:९ केलंय, सगळे रुंद आणि बुटके दिसतात. बाबा गिरकी घेतात तिथे हाताला कंगव्यासारख्या रेषा येतात, कारण पालच्या सेकंदाच्या २५ फ्रेममध्ये ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, असतात आणि ती नीट वेगळी न करताच चित्र मोठं केलंय. आणि ते एआय एन्हान्स! ते मी मागितलं नव्हतं, ऑर्डरमध्ये नाही, तरी बिलात आहे. त्यात बाबांचा रंगवलेला चेहरा मेणासारखा गुळगुळीत झालाय, भुवया वेगळ्याच आल्यात, हनुवटीवरची खूण गायब. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "ह्यो तुझो बापूस न्हय." ती पुढे बघायला तयारच झाली नाही. अंधुक चाललं असतं हो, पण आमचा माणूस पाहिजे होता.

अजून एक. तिसऱ्या कॅसेटचं झाकण तडकलं होतं म्हणून तुम्ही टेप नवीन शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या डब्यात, घातलीत, ते काम बरोबरच केलंत, पण जुनं शेल टाकून दिलंत असं फोनवर कळलं. त्याच्यावर बाबांच्या अक्षरात लेबल होतं, कुठलं देऊळ, कुठलं आख्यान, सोबत कोण कोण. तेवढी एकच नोंद होती. ऑफिसमध्ये कुठे पडलं असेल तर प्लीज शोधा, निदान टेप आली तेव्हा तुम्ही काढलेले इनटेक फोटो असतील ते तरी पाठवा.

काल तुमच्या माणसाने सुचवलं की टेप ओव्हनमध्ये बेक करून परत ट्राय करतो. कृपया अजिबात करू नका!! बेकिंग असतं ते बाइंडरने, म्हणजे टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणाऱ्या पदार्थाने, ओलावा शोषून टेप चिकट झाली असेल तर, तेही मोजक्या टेप्सना आणि ठरलेल्या तापमानात. माझा प्रश्न बुरशीचा आहे, ती उष्णता देऊन निघत नाही, पुसूनच काढावी लागते. आणि ईमेलमध्ये जो 'डिस्पोज करू का' असा ऑप्शन आलाय त्याला माझं स्पष्ट नाही आहे, चारही मूळ टेप्स मला हव्यात.

तर मला एवढं पाहिजे. टेप्स आत्ता आहेत तशा ठेवा, रिवाइंडसुद्धा करू नका, कोरड्या जागी उभ्या ठेवा, आणि प्रत्येक कॅसेट वेगळ्या पिशवीत घालून पार्सल करा, म्हणजे एकीची बुरशी दुसरीला लागणार नाही. पहिल्या कॅसेटचं जे ओरिजिनल कॅप्चर झालं असेल, एन्हान्स करायच्या आधीचं, ते डिलीट न करता मला द्या, त्यातला सुरुवातीचा भाग सोन्यासारखा आहे. बुरशी-सफाई आणि एआयचे पैसे पूर्ण परत करा, बाकीच्या तीन कॅसेटच्या कामाचेही. पुढचं काम मी दुसऱ्या ठिकाणी करून घेणार आहे, फ्री रीडू नको. चांगले चालू व्हीसीआर आता सहज मिळत नाहीत, फुनाई ही शेवटची बनवणारी कंपनी, तिनेही २०१६ मध्ये बंद केले, त्यामुळे मला आता मशीनसमोर बसून बघणारा माणूस पाहिजे.

'जबाबदारी फक्त कोऱ्या कॅसेटच्या किमतीपुरती' असं तुमच्या टर्म्समध्ये आहे हे वाचलंय. पण पैसे घेऊन सफाई केली नाही ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवेतली त्रुटी आहे, आणि त्या कायद्यात मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ह्या आठवड्यात उत्तर आलं नाही तर १९१५ हेल्पलाइनवर नोंदवीन आणि सिंधुदुर्गच्या ग्राहक आयोगात जाईन. पण आधी टेप्स. कुरियरचा ट्रॅकिंग नंबर ह्याच ईमेलवर पाठवा, आणि पार्सल बंद करायच्या आधी चारही कॅसेटचे फोटो काढून पाठवा.

आपला ग्राहक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग