रेसिपी छापता, पण उरलेल्या तर्रीचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत कडधान्याच्या रेसिप्या येत राहतात, चांगल्याच असतात, पण शिजवून झाल्यावर उरलेलं कसं ठेवायचं ते कुठेच नसते म्हणून हे लिहून राहिलो.

नागपुरात चन्याची तर्री रात्रीच जास्तीची करून ठेवतात, सकाळी पोह्यावर घ्यायला बरी पडते, अन् पातेलं रात्रभर ओट्यावरच. थंडीत एकवेळ निभून जात असेल, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते अन् रात्री बारा वाजतासुद्धा किचनच्या भिंती गरम असतात, तेव्हा त्या पातेल्यात काय होत असेल? बॅसिलस सेरियस नावाचा बॅक्टेरिया आहे, त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपलेले जंतू, उकळीतही मरत नाहीत, रस्सा कोमट झाला की वाढायला लागतात. घरोघरी उत्तर ठरलेलं, "सकाळी एक उकळी आणली की झालं नं!" नाही होत. त्याने सोडलेलं उलटीचं विष परत उकळून जात नाही, त्याला ना वास ना चव. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू अन् आपण म्हणतो ऊन लागलं, कांदा ठेवा खिशात.

बाहेर ३२ डिग्रीच्या वर असेल तर शिजवलेलं एका तासाच्या आत फ्रिजमधे गेलं पाहिजे, एरवी दोन तास चालते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळाभर एकच तास! अन् भरलं पातेलं तसंच आत ढकलू नका, मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहते, पसरट डब्यांमधे थोडं थोडं काढून ठेवा.

राजम्याचं वेगळंच आहे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं नैसर्गिक विष असते, चार-पाच कच्चे दाणेही उलट्यांना पुरतात. निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात दहा मिनिटं तरी खळखळ उकळायचा, अमेरिकेचं अन्न-औषध खातं (एफडीए) तर तीस मिनिटं सांगते. कुकरमधे नीट मऊ शिजला तर भ्यायचं कारण नाही. गडबड होते ती हल्लीच्या स्लो कुकरमधे, मंद आचेवर अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकते. दाणा दाबून पाहा, मधे कचकच लागली तर परत शिजवा, चव घेत बसू नका.

अन् मोड आलेली मटकी! कच्ची खाल्ली की हेल्दी, असं तुम्हीही छापता. पण मोड यायला जी ऊब अन् ओल लागते तीच साल्मोनेला, ई. कोलाय या बॅक्टेरियांनाही मानवते. २०११ मधे जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, पन्नासच्या वर लोक गेले, तपासात मेथीचे मोड निघाले. त्यामुळे पुढच्या वेळी मटकीच्या सॅलडची रेसिपी छापाल तेव्हा लहान मुलं, म्हातारी माणसं अन् गरोदर बायकांसाठी मोड चांगले शिजवून घ्या, एवढी एक ओळ खाली टाका, जागा काही फार लागत नाही.

— एक वाचक, नागपूर