एलईडी बल्ब लवकर का जातात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर एलईडी बल्बची खरेदी वाढते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ‘खोक्यावर २५,००० तास लिहिले होते, तरी गेला’ ही तक्रारही. त्या आकड्याचा अर्थ सहसा कोणी सांगत नाही. बल्बमधल्या प्रकाश देणाऱ्या चिपचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर उतरायला लागणारा तो काळ असतो, आणि तोही चिप पुरेशी थंड राहिली तर.

प्रकाश देणारी वस्तू सापडली तरी तिला टिकवणारी व्यवस्था मागाहून येते, हे पहिल्यापासूनच आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांनी १८६०च्या सुमारास कार्बनची पट्टी काचेच्या फुग्यात उजळून पाहिली. पण आतली हवा नीट उपसता येईना, त्यामुळे कार्बन लगेच जळून जाई. १८६५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ श्प्रेंगेल यांचा हवा उपसणारा पाऱ्याचा पंप आला आणि ती अडचण सुटू लागली. फेब्रुवारी १८७९ मध्ये स्वान यांनी न्यूकॅसलला आपला दिवा जाहीरपणे दाखवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एडिसन यांच्या प्रयोगशाळेत सुती धाग्याचा कार्बन तासन्‌तास उजळत राहिला. एडिसन यांचे मोठेपण जास्त रोधाचा बारीक तंतू निवडण्यात आहे. रोध जास्त म्हणजे प्रवाह कमी, म्हणून तांब्याच्या बारीक तारांवर शहरभर दिवे देणे परवडले. दिव्याचे सगळे श्रेय त्यांना एकट्याला देणारे वाक्य पाठ्यपुस्तकांतून काढून टाकावे.

तेव्हा अडचण निर्वाताची होती, आज ती उष्णतेची आहे. ९ वॅटच्या एलईडीतही निम्म्याहून जास्त विजेची उष्णताच होते. जुना तंतू ती किरणांनी बाहेर टाकायचा. चिपला ते जमत नाही. तिची उष्णता मागच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यातूनच निघून जावी लागते. पत्रा पातळ असला, किंवा बल्ब बंद काचेच्या गोळ्यात बसवला, की आतले तापमान चढते. ड्रायव्हरमधल्या (चिपला योग्य वीज पुरवणाऱ्या सर्किटमधल्या) इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचे, आयुष्य तापमान वाढताना दर १० अंशांमागे साधारण निम्मे होते. स्वस्त बल्बांत चिपा एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात, एक तुटली की सगळा बल्ब बंद. घुमट काढून पाहा, मेलेल्या चिपवर बहुधा काळा ठिपका दिसेल.

घेताना वॅटपेक्षा ल्युमेन, म्हणजे उजेडाचे माप, बघा. जुन्या ६० वॅटच्या बल्बच्या जागी ७०० ते ८०० ल्युमेनचा एलईडी पुरतो. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० किंवा अधिक असावा, नाहीतर भाजी शिळी दिसते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर उजेडात पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा लुकलुकतो आहे. अभ्यासाच्या टेबलावर तो नको. आणि बटण बंद केल्यावरही बल्ब मंद तेवत असेल, तर बटणात इंडिकेटरचा छोटा दिवा आहे का पाहा, त्यामुळेही तसे होते. नसेल तर बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) असण्याची शक्यता आहे. म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज राहतो आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो. हे काम लगेच वायरमनकडून दुरुस्त करून घ्यावे.

उत्पादकांनी २५,००० तासांच्या शेजारी तो आकडा किती तापमानाचा आहे आणि बल्ब बंद फिटिंगमध्ये चालेल की नाही, हेही ठळक छापावे, अशी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी.

आपला,
एक वाचक, सातारा