मांडीखाली हात दाबून बसलेल्या मुलास

चि. मुलास,

अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहू नको म्हणालास, मालक कुरकुरतील म्हणून. तर नाही लिहीत. फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर वाढदिवसांचे आणि पुण्यतिथ्यांचे बॅनर जुळवणारा एक मुलगा, एवढ्यावर भागवतो.

काल रात्री माझ्या तबला-शिकवणीच्या तिसऱ्या धड्याचा व्हिडिओ पुरा झाला. ‘ना’ वाजलं की तबल्याची किनार, म्हणजे कडेचं कडं, पिवळी होते, ‘तीं’ला लव, म्हणजे किनार आणि शाईमधला भाग, हिरवी, ‘तिट’ला शाई, म्हणजे तो काळा गोल, लाल. रामबागेतल्या खोलीत बसून मी तो चारदा पाहिला. चौथ्यांदा चष्मा पुसावा लागला. हसू नकोस. या तीन रंगीत आकारांसाठी मी सहा महिने उंबरठे झिजवले होते.

पहिल्याने दीड हजार घेतले आणि डग्ग्याची शाई बरोब्बर मधोमध काढून दिली. डग्ग्याची! ज्या इंदुरात नाना पानसे यांचा पखवाज घुमला, तिथे हे. डग्ग्याची शाई एका बाजूला असते हे त्याला माहीत नसेल, मान्य. पण मी फोटो दिला होता, त्याकडे बघायला काय पडत होतं? वर फाइल जेपीजी. व्हिडिओवर ठेवली तर वर्तुळाभोवती पांढरा चौकोन, अख्खा तबला गडप. “सर, बॅकग्राउंड तो आएगा ही.” जेपीजीत पारदर्शक भाग साठवताच येत नाही, त्यासाठी पीएनजी लागते, हे एक वाक्य दीड हजारांत बसत नव्हतं बहुतेक. तू ते फुकट सांगितलंस, तेही फ्लेक्सच्या कडेला रिंगा ठोकता ठोकता.

दुसऱ्याने इलस्ट्रेटर हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घ्या म्हटलं. साधन उत्तमच असणार, पण त्याचं भाडं दरमहा. पेन्शनीतल्या माणसाने वर्तुळाचं भाडं भरायचं? तिसऱ्याने पाचशे रुपयांत क्रॅक केलेलं काहीतरी टाकून दिलं. दोन दिवसांत काँप्युटर असा बसला की फॉरमॅट करूनच उठला. आणि आमचा पुतण्या, सुशिक्षित, मोठ्या कंपनीत. तो म्हणाला, “काका, या वयात कशाला?”

मी तुझ्याकडे आलो होतो गुरुपौर्णिमेच्या बॅनरसाठी. रडगाणं आपोआप बाहेर पडलं. तू म्हणालास, “गोलच काढायचा आहे ना काका? मग इंकस्केप टाका. एक पैसा नाही.” तुझी रोजीरोटी कोरल या विकतच्या सॉफ्टवेअरवर, पण तू मला कोरल घ्यायला लावलं नाहीस. २००३ पासून जगभरातले लोक इंकस्केप मिळून बनवतात आणि कुणालाही वापरू देतात, हे मी नंतर वाचलं. अ‍ॅफिनिटीचंही नाव सांगितलंस. पूर्वी ते एकदाच पैसे भरून मिळायचं, २०२५ च्या अखेरीपासून फुकट झालंय, फक्त खातं उघडावं लागतं. पण माझ्या काँप्युटरकडे बघून म्हणालास, “या डब्याला इंकस्केपच बरं.” डबा म्हणालास, तेही मनापासून आवडलं.

पण हे पत्र सॉफ्टवेअरसाठी नाही. नाव काय, कुणीही सांगितलं असतं.

रविवारी तू घरी आलास. माझ्या शेजारी खुर्ची ओढलीस, बसलास आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून घेतलेस. मी विचारलं, थंडी वाजते का? म्हणालास, “नाही काका, आदत खराब आहे. माउस दिसला की हात जातो. तुम्ही करा, मी बघतो.”

त्याआधी प्रत्येकाने माझ्या हातातून माउस काढून घेतला होता. टक टक टक, “झालं काका, सोप्पं आहे.” सोपं त्यांना. मी बेचाळीस वर्षं तबला शिकवतोय. शिष्याचं बोट चुकीच्या जागी पडताना दिसत असूनही आपला हात त्याच्या हातावर न नेणं, याइतकं अवघड काही नाही. आमचे गुरुजी त्यासाठी हातात अडकित्ता धरून बसायचे. ते तुला, एवढ्याशा पोराला, कुणी शिकवलं?

पहिलं वर्तुळ अंड्यासारखं आलं. तू फक्त “कंट्रोल दाबून ठेवा” एवढंच म्हणालास. मग ते अगदी गोल आलं, आणि तबल्यावर बसेना. मी दहा मिनिटं झगडलो. तुझ्या खांद्यांवरून कळत होतं की हात खालून सुटू बघतायत. शेवटी विचारलंस, “काका, तुमच्या व्हिडिओत तबला गोल दिसतोय का?”

मी बघितलं. कॅमेरा तिरका, तबला लंबगोल! बेचाळीस वर्षं ज्याच्यावर बोटं झिजवली, त्याचा आकार मला दिसला नव्हता. मग तू म्हणालास तसं व्हिडिओतलं एक चित्र खाली अंथरलं, त्याच्यावरच लंबगोल बसवले, मोठ्यातून छोटा वजा केला की उरलेलं कडं म्हणजे किनार. खालचं चित्र लपवलं, व्हिडिओच्याच मापात, १९२० बाय १०८०, पीएनजी काढली, आणि शॉटकट या व्हिडिओ जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या पट्टीवर ठेवली तर जागच्या जागी बसली. डग्ग्याची शाई मी एकट्याने काढली. बाजूला.

पैसे घेतले नाहीस. पोहे घेतलेस, वर शेव आणि जीरावन मसाला मागून घेतलास. या शहरात अजून अशी पोरं आहेत, नुसती होर्डिंगवर हात जोडून उभी राहणारी नाहीत. त्यांना घडवणाऱ्या आईबापांना माझा नमस्कार सांग.

निघताना चपला घालता घालता तू विचारलंस, “काका, ‘धा’ नीट वाजायला किती दिवस लागतात?” मी काहीतरी गमतीत उत्तर दिलं, चुकलंच माझं. येत्या रविवारी ये, दुकान बंद झाल्यावर. जोडी लावून ठेवतो. वाजव तू, मी अडकित्ता शोधून ठेवलाय.

तुझा,
तबलेवाला काका