बिघडला होता तो मध्यम, पोर नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर एका वाचकांचं पत्र होतं. शाळेत पोरांना ती प्लॅस्टिकची पिपाणी वाजवायला लावतात, संध्याकाळी घरात बसवत नाही, त्यापेक्षा बासरी तरी शिकवा, असं त्यांचं म्हणणं. घरात बसवत नाही इथपर्यंत शंभर टक्के मान्य, आम्ही पण ते सोसलंय. पण पिपाणी म्हणालात ते काय पटलं नाही. मी काही मोठा वाजवणारा नव्हे, फोंड्याला राहतो, बँकेतून रिटायर झालो, गावच्या भजनात पेटीवर बसतो आणि गेल्या वर्षीपासून या वयात त्याच पिपाणीच्या, म्हणजे रेकॉर्डर नावाच्या उभं धरून फुंकायच्या वाद्याच्या, नादी लागलोय, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

झालं असं की गेल्या जूनमध्ये नात पाचवीत गेली आणि शाळेतून चिठ्ठी आली, रेकॉर्डर आणा. कुठला, कसला, काही नाही, नुसतं रेकॉर्डर. मुलगा म्हापशाला गेला होता, तिथून घेऊन आला. महिनाभर बरं चाललं. मग एक दिवस पोर रडत घरी, टीचर म्हणाल्या तुझा सूर लागत नाही, तू नुसती तोंडाला लावून उभी रहा. आता पेटीवाल्याच्या नातीचा सूर लागत नाही म्हटल्यावर मला काय जेवण जाणार होतं होय, मी लगेच पेटी काढली.

या छोट्या रेकॉर्डरचा सगळ्यात खालचा सूर म्हणजे आपल्या पेटीची पांढरी एक पट्टी, फक्त वरच्या सप्तकातली. तोच सा धरला आणि म्हटलं वाजव. सा रे ग एकदम पेटीशी मिळून. आणि मध्यमावर, म्हणजे म वर, आली तर काय, शुद्ध पण नाही, तीव्र पण नाही, दोघांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतोय! पुढे प ध नी परत चोख. चार वेळा वाजवून घेतलं, चारही वेळा तेच. बोटं उघडी राहतात काय म्हणून बघितलं तर बोटांच्या गादीवर भोकांचे वळ पूर्ण गोल उमटलेले, म्हणजे झाकणं पण बरोबर. मग हा एकच सूर कसा चढतो?

आमच्या शेजारी एक मेस्त, म्हणजे चर्चचे संगीत मास्तर, आहेत, चर्चच्या क्वायरमध्ये सगळी हयात व्हायोलिन वाजवलेले, लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे त्यांची दो-रे-मी सरगम, घोकून तयार झालेले. त्यांनी रेकॉर्डर हातात घेतला, उलटा-पालटा केला आणि हसायलाच लागले. म्हणाले, अरे पोरीचं काय चुकत नाही, हा बरोक आहे आणि शाळेत बोटं जर्मन शिकवतायत.

तर रेकॉर्डर दोन जातीचे येतात हे तेव्हा मला कळलं. जुनी पद्धत बरोक. तिच्यात मध्यमाला वरून चार भोकं झाकून पाचवं उघडं ठेवायचं आणि खालची सहावी-सातवी परत झाकायची. पोरांना हे किचकट म्हणून १९२०च्या दशकात जर्मनीत पेटर हार्लान नावाच्या माणसाने भोकं बदलून सोपी पद्धत काढली, पहिली चार झाकली की मध्यम तयार. आता ही जर्मन बोटं बरोकवर ठेवली की मध्यम चढणारच, पोर तानसेनाच्या घरातली असली तरी चढणार. आणि जर्मन घेतला म्हणून सुटलात असं पण नाही, कारण मध्यम सोपा करताना तीव्र मध्यम बिघडला, तो तिथं धड बसतच नाही. म्हणजे तीव्र मध्यम लागणारा यमन राग जर्मनवर काढायच्या भानगडीत पडू नये! ओळखायचं कसं ते मेस्तांनी दाखवलं, पुढच्या बाजूची चौथी आणि पाचवी भोकं बघा, चौथं लहान आणि पाचवं मोठं असेल तर बरोक, उलट असेल तर जर्मन. दोन सेकंदाचं काम. नातीला फक्त उजव्या हाताची दोन बोटं जास्त टेकायला सांगितली आणि मध्यम पेटीला येऊन चिकटला. त्या पोरीचं तोंड बघायला हवं होतं.

शाळेत कुणालाच हे बघावंसं वाटलं नाही याचं मला वाईट वाटतं. चाळीस पोरं, आठवड्याला एक पिरियड, अर्ध्यांकडे बरोक, अर्ध्यांकडे जर्मन, आणि सगळी एकदम फुंकणार. मग कालवा होणार नाय तर काय होणार. त्यात फुंकायचं किती हे पण कुणी सांगत नाही. रेकॉर्डरला जोरात फुंकलं की आवाज फार वाढत नाही, सूरच वर चढतो आणि शेवटी किंचाळतो. मेस्त म्हणतात, ऊन पेज फुंकतोस ना, त्याच्याहून कमी, चष्म्याची काच पुसायच्या आधी हाऽ करतोस ना तेवढंच. मी आठ दिवस नुसतं हेच करत बसलो, बायको म्हणायची पेटी बरी होती. आणि प्रत्येक सूर जिभेनं तु-तु करून सोडायचा. आपण शिकताना सा पासून सुरू करतो, इथं नी, ध, प हे तीन आधी, कारण त्यांना फक्त डावा हात लागतो. सा ला आठही भोकं बंद लागतात, मागचं अंगठ्याचं धरून, तो सगळ्यात शेवटी. ज्या शाळेत पहिल्याच दिवशी सा वाजवून घेतात तिथली पोरं करंगळी पोचवता पोचवताच दमतात.

बासरीबद्दल म्हणाल तर जरूर शिकवा, माझा विरोध नाही. पण आडवी बासरी पहिल्या फुंकीला वाजत नाही, काही पोरांना नुसता आवाज काढायलाच दिवसच्या दिवस जातात. रेकॉर्डर आपल्या पाव्यासारखा उभा धरायचा, तोंडातली हवा त्याच्या फटीतून आपोआप धारेवर जाते, त्यामुळे कुणीही फुंकलं तरी वाजतो. म्हणून तो खेळणं वाटतो, एवढंच. बासरीची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्याच्यात तशी येत नाही हे मात्र मी पेटीवाला असून कबूल करतो (आमच्या पेटीत तरी कुठे येते म्हणा). पण पिपाणी नव्हे हो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री वारला तेव्हा त्याच्या सामानाच्या यादीत ७६ रेकॉर्डर निघाले होते, जर्मन संगीतकार बाखने ब्रँडनबर्ग कंचेर्तों या त्याच्या वाद्यसंगीताच्या रचनांतल्या दुसऱ्या आणि चौथ्यात रेकॉर्डर घातलाय. पुढे लोक विसरले आणि १९१९ साली लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर जुनी वाद्यं बनवणाऱ्या डॉल्मेच घराण्यातल्या पोराने जुन्या रेकॉर्डरची बॅग विसरली, म्हणून बापाने, आर्नल्ड डॉल्मेचने, स्वतःच नवीन बनवला आणि तिथून या वाद्याला परत दिवस आले. पोराच्या विसरभोळेपणाचा जगाला एवढा फायदा मी तरी दुसरा ऐकला नाही.

तेव्हा शाळांना माझं म्हणणं एवढंच, वाद्य बंद करू नका, चिठ्ठीत बरोक का जर्मन ते एक शब्दात लिहा, हजाराच्या आत चांगला प्लॅस्टिकचा मिळतो आणि आपल्या पावसाला तोच बरा, लाकडाचा घेतलात तर बुरशी काढत बसाल. आणि चाळीस पोरं एकदम नको, दहा-दहा घ्या, बाकीच्यांना तोपर्यंत टाळ द्या. म्युझिक टीचरला शिकायचं असेल तर गोव्यात क्वायरमध्ये वाढलेली माणसं गावोगाव आहेत, चहावर येऊन सांगतील, आमचे मेस्त तर चहा पण मागत नाहीत.

यंदा चवथीला नातीने आरतीत वाजवायचा हट्ट धरलाय. घुमट, शमेळ, कासाळे ही आमची आरतीची वाद्यं सुरू झाल्यावर तिचं काहीएक ऐकू येणार नाही हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक पेटीवाला, फोंडा

ता.क. : रेकॉर्डर सोफ्यावर ठेवू नये. माझा पहिला तसाच गेला, मीच बसलो.