शार्डोनेत लोणी शोधणाऱ्यांसाठी

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला शार्डोने द्राक्षाच्या पांढऱ्या वाईनवरचा लेख वाचला. कालचा दिवस गप्प बसलो, आज राहवलं नाही. ‘लोणी आणि व्हॅनिलाचा वास नसेल तर ती शार्डोने अस्सल नव्हे’ हे वाक्य आपण चौकट करून ठळक छापलंत. ते साफ चूक आहे, आणि याच समजापायी माझी एक बाटली बेसिनमध्ये गेली आहे.

आमचा बागायतदारांचा गट फ्रान्समधल्या बर्गंडीला गेला होता. तिथल्या शाब्ली गावात एका छोट्या उत्पादकाने स्टीलच्या टाकीतून थेट ग्लासात वाईन दिली. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि घोट गिळल्यावर मागे राहणारी ओल्या दगडासारखी चव. लाकडाचा मागमूस नाही. दुसऱ्या दिवशी मर्सो गावात 228 लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपातली चाखली. तिच्यात लोणी होतं, भाजलेल्या बदामाची चव होती. द्राक्ष दोन्हीकडे एकच, शार्डोने.

शाब्लीची एक बाटली कपड्यांत गुंडाळून आणली आणि दाजींच्या साठीला उघडली. जाणकार म्हणवणाऱ्या एका पाहुण्यांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “आंबलीय ही. शार्डोनेला लोण्याचा वास हवा.” ताईने बिचारीने संकोचून उरलेली सगळी ओतून टाकली. मंगल दिवशी वाद नको म्हणून मी बोललो नाही. त्याची चुटपुट अजून जात नाही. आता तेच वाक्य छापून आल्यावर त्या पाहुण्यांना दाखलाच मिळाला!

माझ्या बागेत शार्डोनेच्या चार ओळी आहेत. पिकलेला मणी तोंडात टाकला तर गोड लागतो, थोडा आंबट लागतो. लोणी लागत नाही. वाईनमधलं कडक मॅलिक आम्ल जिवाणू मऊ लॅक्टिक आम्लात बदलतात, तेव्हा डायअसिटिल नावाचं द्रव्य तयार होतं. विरजणाच्या लोण्याला वास येतो तोही त्याचाच. व्हॅनिला येतो तो आतून भाजलेल्या ओकच्या पिंपातून. हे किती होऊ द्यायचं ते वाईन करणारा ठरवतो. कॅलिफोर्नियातल्या अनेकांनी दोन्ही भरपूर होऊ दिलं आणि ती चव जगभर गाजली, एवढंच. ‘ब्लां द ब्लां’, म्हणजे फक्त पांढऱ्या द्राक्षांची शॅम्पेन, बहुतेक निव्वळ शार्डोनेचीच असते. तिच्यात व्हॅनिला कोण शोधतं?

आपल्याकडच्या उन्हात या द्राक्षाची आंबट धार झपाट्याने उतरते. तोडणीला चार दिवस उशीर झाला की वाईन बोथट होते. ती धार राखायला आम्ही पहाटेच्या गारव्यात तोडणी करतो, आणि तुमचा वाचक तीच धार चाखून म्हणणार, ‘आंबलीय’. याचं वाईट वाटतं.

आणखी एक. लेखासोबत काळ्या द्राक्षांच्या घडाचा फोटो आहे. शार्डोनेचा मणी हिरवा असतो, पिकल्यावर सोनेरी होतो. शिवाय शाब्लीचं ‘चाब्लिस’ केलंत, तेही दोनदा.

दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक चौकटीत छापावी. फोटो माझ्या बागेतला देतो.

– एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी (जि. नाशिक)